डोकं खाली, पाय वर: अंधेरीतला अवकाशप्रवास

अवकाशात जाऊन आलेली माणसं जगात फार नाहीत. कांजूरमार्गचा तर मी एकटाच. उड्डाण अंधेरीतून झालं, एका धर्मादाय इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरून. यान म्हणजे लोखंडी खाट. तिच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा लावलेल्या. आमच्या चाळीत खाटेच्या चारही पायांखाली विटा असतात, म्हणजे खाली ट्रंका, पाण्याचं पिंप आणि अडीनडीला पाहुणे मावतात. इथे विटा फक्त पायथ्याशी, त्यामुळे झोपणाऱ्याचं डोकं खाली आणि पाय वर. एवढ्या फरकाने माणूस पृथ्वी सोडतो हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यापासून चाळीतला जो तो नळावर गाठून विचारतो, काय पाहिलंस रे तिकडे? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं. नाहीतरी मला लिहिण्यावाचून दुसरं काही येत नाही, आणि तेही किती येतं याचा हिशेब याच प्रवासात झाला.

कांजूरमार्ग

आमच्या घरात खेळणी यायच्या आधी पत्रकं आली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जालन्याकडून मुंबईत आले आणि इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून चिकटले. नोकरीबरोबर युनियन आली आणि युनियनबरोबर न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे. आमच्याकडे त्यांवर बसत, त्यांत भाकरी बांधत, त्यांनी चूल पेटवत. माझी मोठी बहीण सुनंदा पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. मी छापील बाजू वाचायचो. पुढे आम्हा दोघांचं जे काय झालं ते त्यातूनच झालं.

मी मोठा झाल्यावर माझी स्वतःची पत्रकं काढू लागलो. आपला माणूस अवकाशात जाऊन आला आणि देशभर पेढे वाटले गेले, त्या दिवसांत मी एक जळजळीत पत्रक काढलं: 'आभाळात काय ठेवलंय?' कचऱ्याच्या डेपोचा वास ज्यांच्या ताटात येतो त्यांना चंद्राचे फोटो दाखवू नका, असं त्यात होतं. आजही मला ते वाक्य बरं वाटतं. स्टेशनबाहेर उभं राहून मी ती पत्रकं वाटली, आणि उरलेलं एक घरी आणून मुद्दाम ताईच्या ताटाशेजारी ठेवलं. कारण तोवर ताई नेमकं अवकाशाचंच काम करत होती.

ती चिडेल अशी माझी अपेक्षा होती. वाद घालायला मी मुद्दे काढून ठेवले होते. तिने जेवता जेवता पत्रक वाचलं, हात धुतला आणि म्हणाली, "भाषा चांगली आहे. तू हे काम बघितलंयस का?"

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते आम्ही छापत नाही. ताईने ओलं बोट त्या ओळीवर ठेवलं.

"मग ये. माझ्याकडे खाटा रिकाम्या आहेत."

आरे

निघायच्या दिवशी ताईने मला सरळ अंधेरीला नेलं नाही. पवईवरून आरे कॉलनीच्या रस्त्याला लागणारी बस पकडली आणि मध्येच झाडीत उतरवलं. काही दिवस तुझे पाय जमिनीला लागणार नाहीत, म्हणाली, एकदा नीट चालून घे. आम्ही गोठ्यांच्या कडेने चालत गेलो. सरकारी दुधाच्या बूथवर तिने मला थंड दुधाची बाटली घेऊन दिली. हे तुझं शेवटचं न मोजलेलं दूध, असंही सांगितलं.

तिथे एका कठड्यावर बसून तिने मला तिचा रस्ता सांगितला. इतकी वर्षं एका खोलीत राहून मी तो कधी विचारला नव्हता. मला साम्राज्यवादाचे टप्पे पाठ होते, बहिणीचे नव्हते.

सुरुवातीला ती मुलुंडच्या एका इस्पितळात रक्त तपासायची. तिथे मांडीचं हाड मोडलेली एक म्हातारी बरेच महिने पडून होती. मोडलेलं हाड जुळत आलं आणि दुसरीकडची धड हाडं भुसभुशीत होत चालली. ताईला प्रश्न पडला, न मोडलेल्या हाडाला काय झालं? डॉक्टर म्हणाले, पडून राहिलं की असंच होतं. ताई म्हणाली, पण का? त्या 'का'साठी तिने पुढचं सगळं शिक्षण केलं, रात्रीची नोकरी करून, लोकांचे टोमणे ऐकून. पडून राहिलेल्या माणसाच्या रक्तात आणि हाडांत काय बदलतं यावर तिने एक निबंध छापला. मग एक दिवस अवकाश संशोधनवाल्यांकडून विचारणा आली. वजन नसलेल्या जागी तरंगणाऱ्या माणसाचं शरीर आणि महिनोन्महिने आडव्या पडलेल्या म्हातारीचं शरीर, दोन्ही सारखंच वागतं म्हणे. रक्त डोक्याकडे चढतं, पाय वाळतात, हाडं झिजतात. म्हणून डोकं जरा खाली करून धडधाकट माणसाला झोपवलं की अवकाश अंधेरीत येतं.

"आणि आता समुद्र," ती म्हणाली.

परदेशातल्या एका समुद्राच्या तळाशी लोखंडी घर होतं. त्यात शास्त्रज्ञांची तुकडी राहून बघणार होती. कोंडलेल्या जागेत, जाड हवेत माणसाचं काय होतं हे पाहून अवकाशात लांब जाणाऱ्यांची तयारी करायची होती. त्यांना रक्ताचं आणि हाडांचं जाणणारं एक माणूस हवं होतं. ताईचं नाव जवळजवळ पक्कं होतं. अट एकच. खाटेवरच्या कामाची ही शेवटची खेप पुरी करून दाखवायची. निदान एकाने शेवटपर्यंत आडवं राहायचं. मध्ये एकदा जरी कुणी उठून बसला तरी रक्त पायाकडे उतरणार आणि खेप फुकट. पुन्हा करायला वेळ नव्हता. ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"उशी नाही, बसणं नाही," ताई म्हणाली. "जेवण, आंघोळ, संडास, सगळं आडवं. जमेल?"

मी म्हणालो, आम्ही तुरुंगात जायची तयारी ठेवणारी माणसं, आम्हाला झोपून राहणं काय सांगतेस? गोठ्यातली एक म्हैस रवंथ करत आडवी पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिला अनुभव होता.

अवकाश

त्या देशाबद्दल पहिली गोष्ट सांगायची म्हणजे तिथली सगळी माणसं उंच असतात आणि त्यांना नाकपुड्यांवरून ओळखावं लागतं. ताईच्या नाकपुड्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. त्या अण्णांसारख्या आहेत. मूळ रहिवासी म्हणजे छतावरची एक पाल. ती आमच्यासारखीच उलटी होती, पण तिला त्याचं कौतुक नव्हतं.

सहप्रवासी एक होता, दहिसरचे वर्तक. बँकेत होते. साठलेली रजा वाया जाऊ नये म्हणून विज्ञानाच्या सेवेला आले होते. तयारीने आले होते, शब्दकोड्यांची वर्तमानपत्रं, स्वतःचा नेलकटर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, आडवा शब्द, तीन अक्षरी, बंडखोर. मी अर्धा तास क्रांतीवर बोललो. त्यांनी काहीतरी लिहून टाकलं आणि डोळे मिटले.

जेवण तोलून मापून. मीठ किती, दूध किती, सगळं ताईच्या कागदावर. आमच्या घरच्या झणझणीत ठेच्यावर वाढलेल्या जिभेला तिथली आमटी म्हणजे गरम पाण्यात डाळीची आठवण. त्यात घास घशातून वर चढवावा लागतो. पहिल्या दिवशी वरण माझ्या कानात गेलं. वर्तक म्हणाले, मानेला टॉवेल नाही, कानाला कापूस लावा. हा त्या प्रवासातला सर्वात उपयोगी सल्ला.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तोंड सुजलं, नाक चोंदलं, आवाज बसल्यासारखा झाला. ताईने आरसा दाखवला तर आत एक गुबगुबीत सावकार होता, मी आजवर ज्याच्याविरुद्ध लिहीत आलो तोच. उलट पाय मात्र काटक्या व्हायला लागलेले. ताई रोज येऊन पोटऱ्यांना टेप लावायची आणि त्या बारीक झाल्या की खूश व्हायची. सख्खी बहीण भावाच्या वाळण्यावर इतकी खूश झालेली मी प्रथमच पाहिली.

तिथल्या रीतीत एक मोठा भेद होता. लघवीची बाटली विज्ञानाची. ती ताई स्वतः घ्यायची, मोजायची, चिठ्ठी लावून ठेवायची. दुसरं भांडं मात्र वॉर्डाचं. ते लक्ष्मीमावशी उचलायच्या. मावशी मूळच्या मालवणच्या, नवरा गिरणीत होता. त्या वॉर्डातल्या कामगारांच्या पुढारी. भांडं नेताना त्या मान एका बाजूला वळवायच्या. मला वाटायचं ती त्यांची ऐट आहे.

मी युनियनमधल्या अण्णांचा मुलगा आणि पत्रकं लिहितो हे त्यांना कळलं तेव्हा त्या खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"झिला, तू लिवतस म्हणतत. मगे आमचा एक लिवन दी."

संप जवळ आला होता. मागण्या त्यांनी बोटांवर सांगितल्या. कायम नोकरी, हातमोजे, भांड्यांना नीट बसणारी झाकणं. मला आनंद झाला. आडव्या माणसालाही लढ्यात जागा असते असं मी मनात म्हणालो. पेन काढलं तर ते उताण्याने चालेना. शाई वर चढायला तयार नव्हती. चार शब्द उमटायचे आणि कोरडं. शेवटी वर्तकांनी शब्दकोड्याची पेन्सिल दिली. मोठ्या जड मनाने दिली.

मी ते पत्रक छातीवर कागद धरून लिहिलं. अर्धं पान साम्राज्यवादावर गेलं, पाव पान धर्मादाय या शब्दाच्या ढोंगावर. हातमोजे एका ओळीत बसवले. झाकणं अगदी शेवटी आली, तीही जागा उरली म्हणून. झाकणावर जोरदार वाक्य सुचत नव्हतं. संपात कोणती कामं चालू राहतील हेही लिहायचं होतं, तिथे मात्र मी रंगलो. लिहिलं: रुग्णांची सेवा चालू राहील. निरोगी माणसाची सेवा होणार नाही. निरोगी माणसाने आपली घाण आपण उचलावी.

ते वाक्य माझं नव्हतं, अण्णांचं होतं. त्यांच्या वॉर्डात खासगी खोल्या होत्या. रोग्याजवळ बसलेले धडधाकट नातेवाईक लांबच्या संडासापर्यंत चालायचा कंटाळा म्हणून रोग्याचं भांडं वापरायचे आणि अण्णांना हाक मारायचे. आमच्या आज्याने गावात जे काम नाइलाजाने केलं तेच मुंबईत पगारी झालं, असं अण्णा म्हणत. एकदा त्यांनी नाही म्हटलं. त्यावर त्यांची बदली झाली, आणि घरात आम्हा दोघांना ते वाक्य मिळालं.

मी ते वाक्य पेन्सिलीने ठळक केलं. मग मावशींना हाक मारली, कारण मला भांडं हवं होतं.

संप

संप सकाळी सुरू झाला. खिडकीखाली घोषणा ऐकू आल्या तशी माझी मूठ आपोआप वर गेली. वर म्हणजे छताकडे. पाल पळाली. मी आडव्यानेच घोषणांना उत्तरं देऊ लागलो आणि डोकं खाली असल्यामुळे आवाज एवढा चढला की वर्तकांनी कानातला कापूस आणखी आत सारला.

दुपारपर्यंत वर्तकांच्या लक्षात काहीतरी आलं जे माझ्या आलं नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं, आज मावशी नाहीत, मग आपलं कसं? मी म्हणालो, लढ्यात गैरसोय होणारच. वर्तक उठून बसले, चक्कर जाईपर्यंत खाट धरून राहिले, मग चपला शोधल्या आणि दाराबाहेर पडले. संडासाकडे गेले ते तिकडून थेट दहिसरला. पेन्सिल घेऊन गेले.

आता अवकाशात मी एकटा होतो.

ताई आली. रिकाम्या खाटेकडे तिने एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. थोड्या वेळाने मीच तिला जवळ बोलावलं आणि अडचण सांगितली. सकाळपासूनची होती. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि भांडं घेऊन आली.

"ठेव ते," मी म्हणालो.

"का?"

"ते मावशींचं काम आहे. तू केलंस तर संप फुटला. पांढरा कोट घातलेल्या माणसाने संपातलं काम करायचं म्हणजे काय, कळतंय का तुला?"

"मग उठ आणि संडासात जा."

"उठलो तर तुझं समुद्राचं गेलं."

"मग काय करणार आहेस?"

"धरून ठेवणार."

ताईने खुर्ची ओढली आणि बसली. "दिन्या," ती म्हणाली, "माझ्या आयुष्याचा निर्णय तुझ्या आतड्यावर आलाय. जरा नीट विचार कर."

मी विचार केला. तत्त्वासाठी माणसं फासावर गेली आहेत, मी थोडं आवळून धरायला काय हरकत? पण फासाचं एक असतं, तो एकदाच लागतो. माझ्या पोटात दर थोड्या वेळाने नवीन सभा भरत होती. घाम आला. ताई मनगट धरून नाडी मोजू लागली आणि कागदावर लिहू लागली. मी म्हणालो, हे तरी नको लिहूस. ती म्हणाली, हे तर फारच चांगलं आहे.

शेवटी तिनेच मावशींना निरोप पाठवला. मावशी आल्या, बरोबर संपाच्या समितीतले दोघे. त्यांच्यामागे भेटीच्या वेळेला आलेले अण्णा, हातात माझ्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी. प्रश्न खाटेपाशी मांडला गेला. ह्या माणसाला भांडं द्यायचं की नाही?

समितीतल्या एकाने खिशातून माझं पत्रक काढलं आणि वाचून दाखवलं. निरोगी माणसाची सेवा होणार नाही. चांगलं खणखणीत वाचलं. नाकपुड्यांकडे पाहत ते ऐकताना मला लेखक म्हणून थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करायला हवं.

"तू आजारी आसस काय धडधाकट?" मावशींनी विचारलं.

आता मी आजारी आहे एवढंच म्हणायचं होतं. सुजलेलं तोंड होतं, काटक्यांसारखे पाय होते, पुरावा भरपूर. पण अण्णा समोर उभे होते आणि ते वाक्य त्यांचं होतं. तोंडातून निघालं, "धडधाकट."

ताईने डोळे मिटले.

समितीतला दुसरा म्हणाला, मग प्रश्नच मिटला, उठूंदे त्याला. पहिला म्हणाला, पण उठला तर हिचं काम जातं, आणि ही आपल्यातलीच पोरगी. दुसरा म्हणाला, डॉक्टरीण आपल्यातली कशी? बराच वेळ हे चाललं. नियम करायचा तर सगळ्यांना सारखा, हे मीच खाटेवरून त्यांना पटवून देत होतो. माझ्या विरुद्ध माझ्याइतकं चांगलं कुणीच बोललं नाही.

मग मावशींनी पत्रकाकडे बोट केलं आणि विचारलं, नातेवाईकांनी रोग्याचं केलं तर आपण अडवतो काय? नाही, कुणीच अडवत नव्हतं. घरचं माणूस घरच्या माणसाचं करणारच. मावशी ताईकडे वळल्या.

"कोट आंगार आसा तवसर ती डॉक्टरीण. काढल्यान की भैण. भैणीन भावाचा केल्यान तर संप मोडत नाय."

समितीने एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. मलाही यात तात्त्विक चूक सापडेना, आणि त्या घडीला मी फार शोधलीही नाही.

ताई मात्र जागची हलली नाही. त्या कोटाचं आमच्या घरात काय होतं हे बाहेरच्यांना सांगून समजायचं नाही. तो पहिल्यांदा घातला तेव्हा अण्णांनी तिला चाळभर फिरवून आणलं होतं. धुवायला तो कुणाला देत नसत, स्वतः धुवत. माझ्या पोरांच्या हाताला हे भांडं लागणार नाही, असं ते म्हणायचे, आणि त्यासाठी त्यांनी नोकरीभर ते स्वतः उचललं.

अण्णा पुढे झाले. "मी नेतो," म्हणाले. "मला सवय आहे."

"नाही अण्णा," ताई म्हणाली. तिने बटणं काढली. कोट काढून त्यांच्या हातात दिला. "हा धरा."

पुढचं मी खाली डोक्याने जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. पडदा ओढला गेला आणि माझा अवकाशातला सर्वात मोठा क्षण पार पडला. मग ताई साध्या साडीत भांडं घेऊन निघाली. लांबच लांब बोळ होता. संपावरची माणसं दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून होती. अण्णा हातावर कोट टाकून दारात उभे होते, साहेबांचा कोट धरून शिपाई उभा राहतो तसे. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

ती परत आली तेव्हा तिचं ब्लाउज बाहीपाशी ओलं होतं. चेहरा एका बाजूला वळवलेला. तशी मान वळवणं मी पाहिलेलं होतं.

"अहो मावशी," ती म्हणाली, "ह्याचं झाकण बसतच नाही."

मावशी म्हणाल्या, "तीच तर तिसरी मागणी."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पालीकडे पाहिलं. संध्याकाळी तिने पत्रकाची कोरी बाजू घेतली, लहानपणीसारखी. उघड्या भांड्यातून काय काय उडतं, हातावर काय राहतं, त्याने कोणते रोग होतात, हे तिने साध्या भाषेत लिहिलं. खाली सही केली. आजवर तिचं लिहिलेलं कधी पत्रकाच्या छापील बाजूला गेलं नव्हतं. समितीने दुसऱ्या दिवशी तेच छापून वाटलं. साम्राज्यवाद मागच्या बाजूला गेला.

संप काही दिवसांनी मिटला. हातमोजे मिळाले, झाकणं मिळायचं ठरलं, कायम नोकरीचं बघू असं उत्तर आलं. तोवर ताई रोज येऊन कोट काढायची, अण्णा तो धरायचे, ती जाऊन यायची, हात धुवायची, कोट घालायची आणि माझ्या पोटऱ्या मोजायची.

पृथ्वी

उतरण्याचा दिवस आला. शेवटची परीक्षा अशी की मला एकदम उभं करायचं आणि शरीर काय करतं ते पाहायचं. मावशी आणि समितीची मंडळी मुद्दाम पाहायला आली होती. खेप पुरी झाली होती, ताईची जागा पक्की झाल्यासारखीच होती. मला वाटलं, दोन शब्द बोलले पाहिजेत. इतके दिवस आडवा राहून मनात एक भाषण तयार केलं होतं. विषय होता, ताठ मानेने उभं राहणं.

ताईने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, पाऱ्यावर नजर लावली आणि मला उभं केलं. सगळ्यांच्या डोक्यांचे वरचे भाग दिसले. किती दिवसांनी. मी मूठ वर केली.

"कामगार बंधू आणि भगि..."

मग मी पडलो. लोक सांगतात, फार सावकाश पडलो, पत्रक पडावं तसा. मावशींनी धरलं म्हणून डोकं वाचलं. शुद्धीवर आलो तेव्हा ताई माझ्याकडे पाहत नव्हती, पाऱ्याकडे पाहत होती. तोंडभर हसत होती.

"झकास," ती म्हणाली. "कसला पडलास रे, थेट अवकाशातून उतरल्यासारखा."

आयुष्यभर मी लोकांना उठा म्हणून लिहीत आलो. विज्ञानाला माझा उपयोग झाला तो झोपल्याचा आणि पडल्याचा.

तळ

ताईला पोहता येत नव्हतं. समुद्राच्या तळाशी राहायला निघालेली बाई घाटकोपरच्या तलावात शाळकरी पोरांबरोबर पाय मारायला शिकली, ती एक वेगळीच कथा आहे आणि ती तिने सांगावी. आम्ही तिला सहारच्या विमानतळावर पोचवलं. मावशी आल्या होत्या, हातात कोकमाची बाटली, जी विमानवाल्यांनी नेऊ दिली आणि जी म्हणे पुढे बॅगेत फुटली. कोट ताईने नेला नाही. तो अण्णांकडे खुंटीला आहे.

मध्यंतरी तिच्याकडून कॅसेट आली. समुद्राच्या तळावरून भरलेली. खालच्या मजल्यावरच्या कदमांकडे टेपरेकॉर्डर आहे, तिथे आम्ही सगळे जमलो. मावशींनाही बोलावलं. ताईचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. तिथली हवा जाड असते, शिट्टी वाजत नाही म्हणाली. खिडकीतून मासे आत बघतात, आम्ही त्यांना पिंजऱ्यातले वाटत असू. जेवणाला चव नाही, पण अंधेरीत सवय झालेली आहे.

मग म्हणाली, इथे साफसफाईला वेगळी माणसं नाहीत. संडासाची टाकी पाळीपाळीने सगळे साफ करतात, प्रमुखसुद्धा. पहिल्या दिवशी कुणी पुढे होईना, सगळे मोठे विद्वान. मी केली. अण्णा, तुमचं वाक्य मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. आता ते टाकीवर लावलंय.

अण्णा खाली बघत होते. त्यांनी हात लांब करून कॅसेट थोडी मागे घेतली आणि ते पुन्हा ऐकलं.

त्या पुढे ताईचं शेवटचं वाक्य होतं. "आणि मावशींना सांगा, इथलं झाकण अगदी घट्ट बसतं."

मावशी पदराने तोंड पुसत उठल्या. अंधेरीच्या वॉर्डात झाकणं अजून आलेली नाहीत, येणार आहेत.

"घट्ट बसणारा झाकण बघूक," त्या म्हणाल्या, "येवढ्या लांब जावचा लागला तिका?"